उतारावरचा फ्रिज

इलियासने गाडीच्या कुशीतली जाळी पुन्हा एकदा उघडली आणि आत बॅटरीचा झोत टाकला. फ्रिजमागची गॅसची निळी ज्योत नीट जळत होती. पंखा फिरत होता. दाराच्या रबरात कागदाची पट्टी घातली तर ती ओढून निघत नव्हती. सगळं कसं जागच्या जागी होतं, फक्त आतला थर्मामीटर पंचवीस अंशांच्या खाली यायला तयार नव्हता.

कुवेतमध्ये उभी हयात एसी आणि फ्रिज दुरुस्त करून हा माणूस गावी, नेऱ्याला परतला होता. त्याने इतक्या हौसेने ही जुनी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यावी आणि तिच्यातल्या कपाटाएवढ्या फ्रिजने त्यालाच रडकुंडीला आणावं! तो परदेशात असताना बायकोने, कुबराने, इथे एकटीने संसार ओढला. पनवेलपलीकडे ती कुठे गेली नाही. आता तिला घेऊन समुद्राच्या कडेकडेने थेट गोव्यापर्यंत जायचं, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. कुबराची अट एकच. तिचं इन्सुलिन गाडीत थंड राहिलं पाहिजे, नाहीतर ती पायरीसुद्धा चढणार नव्हती.

काल संध्याकाळी तिने स्वतःची परीक्षा लावली होती. दुधाला विरजण लावून वाटी गाडीच्या फ्रिजमध्ये ठेवली. दही लागलं तर फ्रिज नापास. सकाळीच गाडीतून काढून नेलेली ती वाटी घेऊन ती आता घरातून ओटीवर आली.

"लागलं बगा दही."

"दिसतंय मला."

"आनि लागलंय कसं, ते बी बगा."

तिने वाटी कट्ट्यावर ठेवली. दही एका कडेला पार वर चढलेलं होतं आणि समोरच्या कडेला खाली उतरलेलं.

इलियास वाटीकडे पाहतच राहिला. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"या अल्ला! गाडी उतारावर हाय."

या फ्रिजला कॉम्प्रेसर नव्हता. ज्योतीने तापलेलं अमोनियाचं द्रावण नळ्यांतून आपसूक वर चढायचं आणि आपसूक खाली यायचं. फ्रिज तिरका उभा राहिला की ते मध्येच तुंबणार. सोबतच्या माहितीपत्रकात तसं लिहिलंही होतं, पण कॉम्प्रेसरवर हात बसलेल्या माणसाने ते मनावर घेतलं नाही. आणि अंगणाला उतार आहे, हे तर त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. डोंगराखालच्या या गावात पावसाचं पाणी निघून जावं म्हणून सगळीच अंगणं उतरती. जन्मापासून पायांना त्याची सवय. त्याला हसूही आलं आणि बायकोसमोर लाजही वाटली.

दुपारभर त्याने चाकांखाली फळ्या घालून पाहिल्या. उतार इतका की फळ्या सटकत होत्या. बाहेरची गल्ली अरुंद, तिथे गाडी दिवसरात्र उभी करणं शक्य नव्हतं.

"सपाट जागा पायजे," तो म्हणाला.

"हाय की. जोत्यावर घ्या."

त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. घरामागचं जोतं त्यालाही केव्हाच आठवलं होतं. लेक अदीब नोकरीला दोहाला गेला, त्याच वर्षी त्याच्या घरासाठी ते बांधून घेतलं होतं. वरच्या अंगाला जमिनीशी बरोबर, खालच्या अंगाला कमरेएवढं उंच आणि पाण्यासारखं सपाट. चारी कोपऱ्यांतून खांबांच्या सळया वर आलेल्या. पुढचं काम दर सुट्टीत पुढच्या सुट्टीवर जायचं. आता अदीब बायकोमुलांसकट कायमचा कॅनडाला निघाला होता. घराचं विचारलं की फोनवर म्हणायचा, "बघू, अब्बा."

"अदीबचं जोतं हाय ते," इलियास म्हणाला.

"मला नाय ठाव? झाडू कोन मारतं तिथं?"

ती उठली आणि जोत्यावर वाळत घातलेले कोळंबीचे सोडे चटईसकट गोळा करू लागली. इलियास मागोमाग गेला. वरच्या बाजूने गाडी आत येण्यासारखी होती, फक्त एका कोपऱ्यातल्या सळया वाटेत येत होत्या. त्याने त्यांतली एक हलवून पाहिली. कुबराने नको म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं. ती चटई गुंडाळत राहिली, तेव्हा तो जाऊन लोखंड कापायची करवत घेऊन आला.

पहिल्या सळईला त्याने गुडघ्याएवढ्या उंचीवर पातं लावलं.

"एवडी ठेवतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मंग जोड देता येतो."

कुबरा सळईपाशी उकिडवी बसली. तिने त्याचं मनगट धरलं आणि करवत हळूहळू खाली नेत जोत्याला टेकवली.

"टायरला लागंल," ती म्हणाली आणि सळई हलू नये म्हणून तिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.