दहापैकी दहा

फोनवाल्या सिस्टरांना त्यांच्या खऱ्या नावाने आता फक्त हजेरीपट ओळखत होता. पंचवीस वर्षं वॉर्डात उभं राहून गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा त्यांना एक खुर्ची, एक फोन आणि एक फॉर्म देऊन जिन्याखालच्या खोलीत बसवलं गेलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी अचानक चिरली, की माणसाला धावतपळत टेबलावर घ्यावं लागतं. त्यातून वाचून घरी गेलेल्यांना महिन्याने फोन करायचा आणि दहा प्रश्न विचारायचे, हे त्यांचं काम. स्वतः आंघोळ करता का, जिना चढता का, स्वयंपाक करता का, असे प्रश्न. प्रत्येक ‘हो’ला एक मार्क. सहाच्या खाली मार्क पडले तर दुसऱ्याच दिवशी तपासणी, आठच्या वर गेले तर तीन महिन्यांनी.

फॉर्म कुणा हुशार माणसाने बनवला होता. त्याच्या घरी चहा आपोआप होत असणार.

कारण पुरुषांच्या घरी फोन बायको उचलायची. ह्यांना अजून उभं राहवत नाही, आंघोळ मीच घालते, ताप वहीत लिहून ठेवलाय, वाचून दाखवू का? बायांच्या घरी फोन बाई स्वतःच उचलायची, तोही नवव्या रिंगला, मागे नळ वाहत असताना. सगळ्याला हो. कागदावर बाया पुरुषांच्या कितीतरी आधी ठणठणीत होत होत्या. फक्त तीन महिन्यांनी तपासणीला नावं पुकारली, की गैरहजर असायच्या त्याही बायाच. गेल्या वर्षी अशा पाच जणी आल्याच नाहीत, येणारही नव्हत्या. पाचही जणींना सिस्टरांनी आपल्या हाताने नऊ-दहा मार्क दिले होते.

त्यांनी हे मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घातलं होतं. डॉक्टर म्हणाले, बायका मुळात उशिरा येतात, दुखणं अंगावर काढतात, वयानेही मोठ्या असतात. यातलं काही खोटं नव्हतं. फॉर्मचं बघू, असंही म्हणाले. त्या बघूला आता सहा महिने झाले होते, आणि सिस्टरांना पुन्हा जिना चढून विचारायला जायचा कंटाळा आला होता.

त्या दिवशी पहिला फोन बस ड्रायव्हरच्या घरी. बायको बारा मिनिटं बोलली. तीन मार्क, उद्या सकाळी तपासणी. दुसरा फोन पडदे शिवणाऱ्या बाईला. दोघांचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं होतं, खाटाही शेजारी होत्या. छातीत कळ आली तेव्हा हातातला पडदा पुरा करून, घरातल्यांची जेवणं उरकून मग ही बाई दवाखान्यात आली होती.

बाईने भराभर उत्तरं दिली. आंघोळ, जिना, स्वयंपाक, सगळं हो. दहापैकी दहा. सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. बाई प्रत्येक ‘हो’च्या आधी श्वास घेत होती. मग त्यांनी फॉर्मात नसलेला प्रश्न विचारला, झोप कशी लागते?

बसून, बाई म्हणाली. आडवं झालं की दम लागतो. पण उशा लावल्या की भागतं.

आजच्या आज या, सिस्टर म्हणाल्या. बाईचं आपलं पुढच्या आठवड्याचं तुणतुणं. घरातल्यांचे महिनाभर तिच्यापायी हाल झाले होते, आत्ता कुठे घडी बसत होती. नवरा? तो कामावर. त्याला सांगितलंय? कशाला, उगाच जिवाला घोर.

समजावून उपयोग नव्हता. अशा बाया सगळ्यांचं ऐकतात आणि स्वतःचंच करतात. सिस्टरांनी फॉर्म पुढे ओढला.

“तुमचे मार्क लिहितेय, ऐका. आंघोळ, शून्य. जिना, शून्य.”

“अहो, मी चढते की जिना.”

“स्वयंपाक, शून्य.”

“शून्य कसं?” बाईचा आवाज चढला. “पाच वाजल्यापासून उभी आहे मी. पाणी भरलं, डबे केले, कपडे पिळले, मशीनवर बसून दोन पडदे...” पुढचं वाक्य आलंच नाही. नुसती धाप ऐकू येत राहिली. सिस्टरांना त्या बाईची दया येत होती आणि स्वतःची लाज वाटत होती.

“सिस्टर,” धाप जरा बसल्यावर बाई म्हणाली, “दमलेय हो मी.”

“माहीत आहे. दार उघडा आणि खाली बसा. गाडी पाठवतेय. फोन ठेवू नका.”

“गॅस बंद करून येते.”

“तेवढा करा. मग बसा.”

गाडी पोचेपर्यंत वीस मिनिटं दोघी फोनवर होत्या. दुपारी हृदयाभोवती साचलेलं पाणी काढलं. मोठे डॉक्टर स्वतः जिन्याखाली आले, आजचा दिवस गेला असता तर बाई गेली असती म्हणाले, आणि फॉर्मची एक कोरी प्रत मागून घेऊन गेले.

पाच वाजता नवरा आला. बायकोच्या चपला पिशवीत घालून आणल्या होत्या. गोळ्या कोणत्या चालू आहेत ते त्याला सांगता येईना. तो वाईट माणूस नव्हता, घाबरला होता.

“पण ती तर सगळं करत होती हो,” तो म्हणाला. “त्रास होतोय असं एका शब्दाने बोलली नाही.”

सिस्टरांच्या तोंडावर चांगलं खरमरीत आलं होतं. पण ते एकट्या त्याला ऐकवायचा त्यांना अधिकार नव्हता.

“तिला कुणी विचारलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “आम्हीसुद्धा नाही.”