निळा वाडगा

बायको गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या ओठांत खिळे होते. आमच्या कामात बारीक खिळे ओठांत धरतात. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्याने हातोडी मारायची. गिऱ्हाइकाचा सोफा उलटा टाकला होता. आमच्या खालच्या मजल्यावरची मावशी दारात येऊन म्हणाली, "भाऊ, घरी चला. वहिनी गेल्या." मी एकेक खिळा काढून डबीत ठेवला, मगच मला बोलता आलं.

डॉक्टर म्हणाला, अंगात रक्तच उरलं नव्हतं. मला ते पटेना. वस्तीच्या सभागृहात आहाराचा वर्ग भरतो. ही तिथे कधी चुकली नाही. घरी येऊन मलाच शिकवायची, "सोफ्यात काय भरायचं ते तुम्ही बघा, पोटात काय भरायचं ते मी सांगते." वर्गाच्या ताईने हिच्या ताटाचा फोटो काढून भिंतीला लावला होता. एवढं शिकलेली बाई रक्ताविना मरते कशी?

मग ती ताईच घरी आली. हातात पिठाची पिशवी, वर लाल गोळ्या. आमची मुलगी गरोदर आहे, जावई परगावी कामाला असतो, म्हणून ती माझ्याकडेच राहते.

"काका, हे तिला रोज द्या."

बोलता बोलता ताईची नजर आमच्या फळीवरच्या डब्यांवर फिरत होती. ही जिवंत होती तोवर या घरात गोळी आली नाही, पीठ आलं नाही. आता न मागता आलं. माणूस असं केव्हा वागतो? काहीतरी झाकायचं असतं तेव्हा.

"मग पोरीच्या आईला का नाही दिलं?"

"त्यांचं ताट भरलेलं असायचं, काका. ज्यांचं रिकामं, त्यांनाच द्यायचा नियम आहे."

ताई गेल्यावरही मी पिशवीची गाठ सोडली नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, पीठच आहे, बॉम्ब नाही." तरी मी पिशवी उचलून सभागृहात परत द्यायला निघालो.

ताई खुर्च्या लावत होती. भिंतीवर ताटांच्या फोटोंची रांग होती, प्रत्येकामागे एक बाई. मी हिचा फोटो शोधला. डाळ, पालेभाजी, उकडलेलं अंडं, आणि भाजी निळ्या वाडग्यात, काठाचा टवका उडालेला. असा वाडगा आमच्या घरात नाही. शेजारच्या फोटोत पाहिलं, तोच वाडगा. पुढच्यात तोच. टवकाही तोच.

"वाडगा तुमचाच ना?" मी विचारलं. "ताट तुम्हीच मांडायचं, फोटो काढायचा आणि वर साहेबांना दाखवायचा!"

ताई भिंतीजवळ आली. एका फोटोवरून दुसऱ्यावर बोट नेत गेली आणि मध्येच थांबली. तिचा चेहरा पाहून वाटलं, हिलाही आत्ताच कळतंय. पण सोंग आणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

एवढ्यात मुलगी माझ्यामागून आली. एवढ्याशा चालण्याने तिला धाप लागली होती. भिंतीला हात टेकून म्हणाली, "बाबा, ताईंना बोलू नका. वाडगा खालच्या मावशींचा आहे."

"आणि अंडं?"

"तेही त्यांचंच. घरी रांधलेलं ताट वर्गात आणून झाकण उघडायचं असतं. ज्याचं रिकामं, त्याला ताई सगळ्यांसमोर समजावतात. एकदा एक बाई रडत निघून गेली. मग आईनेच युक्ती काढली. ताई एकीच्या ताटाचा फोटो काढून पुढे सरकल्या, की वाडगा आणि अंडं मागून पुढच्या ताटात."

"मी रागावत नव्हते गं," ताई म्हणाली. "समजावत होते."

"ताई, तुमचं समजावणं रस्त्यापर्यंत ऐकू जायचं."

ताई खाली बसली. "खरं ताट दाखवलं असतं, तर पहिल्या दिवसापासून गोळ्या दिल्या असत्या," एवढंच म्हणाली.

रांगेच्या टोकाला मुलीचाही फोटो होता. पुढ्यात निळा वाडगा. पिशवी उचलून परत घरी आणली.

संध्याकाळी पिठाची पेज केली, वाटीत ओतली, शेजारी गोळी ठेवली. हात धुऊन आलो तर मुलगी म्हणाली, "खाल्लं बाबा. तुम्ही घ्या आता." हिची आईसुद्धा अगदी याच सुरात म्हणायची. मी पातेल्याचं झाकण उचललं. वाटीतली पेज पातेल्यात परत गेली होती, गोळी ओट्यावरच होती.

"माझ्यावर पाळत ठेवता?"

"हो," म्हणालो. "बस इथे. माझ्यासमोर खा."

तिने खाल्लं. गोळी गिळली का ते पाहायला तोंड उघडायला लावलं, तर म्हणाली, "बाबा, तुमचे खिळे नाहीत इथे." हसलो दोघंही.

ताईवर माझा अजून पुरता विश्वास नाही. ते फोटो अजून भिंतीवरच आहेत. मुलीचं रक्त तपासायचं राहिलं आहे.