कॉफीने उतरलेला नंबर

शनिवारी सकाळी अकरा वाजता चष्म्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि एवढ्या गर्दीत एकालाही चष्मा नको होता. सगळ्यांच्या नजरा काउंटरवरच्या एका काळ्या बरणीवर खिळल्या होत्या. बरणी मुठीएवढी, झाकण सोनेरी आणि तिच्यामागे पांढराशुभ्र सूट घातलेला एक गृहस्थ डोळे मिटून उभा.

"साधी इन्स्टंट कॉफी विरघळते," तो खर्जातल्या आवाजात म्हणाला. "ही विरघळत नाही. ही समर्पित होते."

"वा!" शेजारच्या दुकानातला शिंपी म्हणाला. त्याला काय कळलं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

गृहस्थाच्या कार्डावर 'कॉफीगुरू' असं छापलेलं होतं. माणसाने स्वतःला गुरू म्हणवून घेतलं की अर्धं काम झालंच म्हणायचं. उरलेलं अर्धं पांढरा सूट करतो. "या कणांना उणे चाळीस अंशांत गोठवलंय," गुरू पुढे म्हणाला, "आणि गोठवताना बासरी ऐकवलीय. म्हणून कणाकणात जागृती आहे. विश्वास नाही? मग माझ्यावर ठेवूच नका. स्वतःच्या हाताला विचारा!"

त्याने शिंप्याला पुढे बोलावलं, उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायला लावला आणि डाव्या हातात साध्या कॉफीची बरणी दिली. मग दोन बोटांनी आडव्या हातावर दाबलं. हात धपकन खाली. आता काळी बरणी दिली, पुन्हा दाबलं. हात जागचा हलेना! गुरूच्या कपाळावर शिरा उमटल्या, शिंप्याचे डोळे विस्फारले आणि दुकानात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागच्या अंधाऱ्या खोलीत सूनबाई एका बाईंचे डोळे तपासत होती. दुकानाचे मालक आप्पा हे तिचे सासरे, त्यामुळे ते तिला सूनबाई म्हणत. त्यांचं ऐकून कारागीर म्हणू लागले आणि आता गिऱ्हाइकंही म्हणत. टाळ्या ऐकल्यावर त्या बाई नाकावरच्या तपासणीच्या चौकटीसकट उठल्या आणि थेट गर्दीत घुसल्या. चौकट महागाची, म्हणून सूनबाई मागोमाग धावली. ती चौकट सोडवून घेते न घेते तोच गुरूने तिलाच पुढे ओढलं.

तिचाही हात साध्या बरणीला पडला आणि काळ्या बरणीला थांबला. सूनबाई चार वर्षं घासून डोळ्यांचं शास्त्र शिकलेली. पण त्या क्षणी तिला काहीही सुचलं नाही, आणि स्वतःचाच असा राग आला की कान तापले.

मग गुरूने सगळ्यांना दोन्ही कॉफ्या चाखायला दिल्या, आणि काळ्या बरणीतल्या कॉफीचा 'नैसर्गिक गोडवा' जो तो वाखाणू लागला.

"आणि चष्मेवाल्यांसाठी खास सांगतो," गुरूने आप्पांकडे मोहरा वळवला. "ही कॉफी डोळ्यांच्या शिरा मोकळ्या करते. नंबर उतरतो!"

आप्पांचा नंबर उणे पाच. चाळीस वर्षं लोकांना चष्मे लावता लावता त्यांना स्वतःच्या चष्म्याचा मनस्वी कंटाळा आला होता. त्यांनी वाफाळता कप एका दमात रिकामा केला, चष्मा काढून खिशात घातला आणि तरातरा मागच्या खोलीत गेले. तिथे समोरच्या भिंतीवर, मागून दिवा लावलेल्या पेटीवर अक्षरांचा तक्ता होता. गर्दी दारात दाटली.

"सगळ्यात खालची ओळ," आप्पा म्हणाले आणि खणखणीत आवाजात वाचू लागले, "ग, भ, ट, न, र, ल, ख!"

एकही अक्षर चुकलं नाही. दुकान दणाणून गेलं. काळ्या बरण्यांचा खोका दहा मिनिटांत संपला. एका बरणीच्या किमतीत साध्या कॉफीच्या सहा बरण्या आल्या असत्या, पण चमत्कारापुढे घासाघीस कोण करतो?

आप्पा तर हवेतच होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी बरणीची एजन्सी घेतली आणि सुताराला सोमवारी सकाळी यायला सांगितलं.

"सुतार कशाला?" सूनबाईने विचारलं.

"मागची खोली पाडायची. तिथे कॉफीचं दालन करू. अगं, लोकांना चष्मेच लागणार नाहीत, तर डोळे तपासायची खोली हवी कशाला?"

ती खोली सूनबाईने हट्टाने मागून घेतली होती. पूर्वी तिथे रिकामी खोकी पडत. तिने भिंती काळ्या केल्या, पडदे शिवून घेतले, तक्त्यापासूनचं अंतर स्वतः टेपने मोजलं. जगात तिची म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

रविवारी आप्पा दिवसभर बिनचष्म्याने वावरले. सकाळी त्यांनी शिंप्याच्या दारातल्या कपडे घातलेल्या पुतळ्याला हात केला, आणि तो उत्तर देईना म्हणून फुरंगटून घरी आले. दुपारी खिडकीकडे पाहत म्हणाले, "आज साडी छान नेसलीयस हो!"

सासूबाई त्यांच्या पाठीमागे उभ्या होत्या. "तीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं," त्या सुनेला म्हणाल्या, "आणि तेही पडद्याचं."

सूनबाईने आप्पांना समजावून पाहिलं. म्हणाली, "आप्पा, तो तक्ता तुम्हीच आणलाय. चाळीस वर्षं रोज बघताय. पाठ नसेल का?"

"म्हणजे मी खोटं बोललो?" आप्पा भडकले. "मला अक्षरं दिसली! आणि तुझा हात का थांबला, ते सांग आधी. का तुझा हातही खोटारडा?"

सूनबाई स्वयंपाकघरात गेली. पण डोक्यातून हात जाईना.

"आई, हात आडवा धरा बरं," ती सासूबाईंना म्हणाली आणि त्यांच्या दुसऱ्या हातात मिठाची बरणी दिली. गुरूने कसं दाबलं होतं ते आठवत तिने मनगटावर दाबलं. हात खाली आला. मग आठवलं, काळ्या बरणीच्या वेळी गुरू अर्धं पाऊल जवळ सरकला होता. ती जवळ सरकली आणि कोपराशी, किंचित आतल्या बाजूला दाबलं. सासूबाईंचा हात घट्ट.

"अगोबाई! मिठातसुद्धा जागृती आहे!" सासूबाई म्हणाल्या.

सूनबाई खो खो हसत सुटली. दार कडीपाशी ढकललं तर एका बोटाने उघडतं, बिजागरीपाशी ढकललं तर घाम निघतो. तेवढीच ती जागृती. शिवाय दुसऱ्या वेळी कुठे दाबणार ते माणसाला कळलेलं असतं, तो आधीच हात ताठ करून उभा राहतो. मग तिला चवीचंही कोडं सुटलं. गुरूने साधी कॉफी कागदी पेल्यात कोमट पाण्याची दिली होती, आणि महागडी काचेच्या कपात, कढत दुधातली. 'नैसर्गिक गोडवा' म्हणून ज्याचं कौतुक चाललं होतं, तो तिला कप विसळताना तळाशी सापडला होता: न विरघळलेली साखर. साखरेला कोणी बासरी ऐकवली नसावी.

सोमवारी सकाळी सुतार करवत घेऊन आला. गुरू चार खोकी घेऊन आला. गर्दी तर आधीच आलेली होती.

"आप्पा, खोली पाडा," सूनबाई म्हणाली. "पण त्याआधी एकदा शेवटची तपासणी करू. कॉफीची."

"कर की!" आप्पा हसत म्हणाले. "सत्याला कसली भीती?"

तिने साधी आणि काळी, दोन्ही बरण्या चष्मा ठेवायच्या एकसारख्या जाड कापडी पिशव्यांत घालून, आत खडे भरून वजनं सारखी करून ठेवली होती. कुठली कशात आहे, हे फक्त चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी सासूबाईंच्या मुठीत. शिंपी हात आडवा धरून उभा राहिला.

"आता दाबा," सूनबाई गुरूला म्हणाली. "आणि सांगा, काळी बरणी कुठली."

गुरूने पिशव्यांकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या मुठीकडे. दर वेळी सासूबाईंनी पडद्याआड पिशव्यांची अदलाबदल करून नवी चिठ्ठी लिहायची आणि गुरूने दाबायचं, असं दहा वेळा करायचं ठरलं. पाच वेळा बरोबर आलं, पाच वेळा चूक. नाणं उडवून याहून वाईट झालं नसतं.

"पिशवीच्या अंधारात कॉफी झोपते," गुरू घाम पुसत म्हणाला.

"झोपाळू कॉफी पिऊन माणूस जागा कसा राहणार?" कोपऱ्यातून काचकाकांनी विचारलं. ते दुकानातले काचा घासणारे कारागीर. आठवड्यातून एकदा बोलत, पण बोलले की लागत. गर्दीत खसखस पिकली.

मग सूनबाईने शिंप्यापुढे दोन सारखे कप ठेवले. "पहिली बरी की दुसरी?" डोळे तपासताना दिवसातून शंभर वेळा विचारायची त्याच सुरात तिने विचारलं.

शिंप्याने दोन्हींचे घोट घेतले, डोळे मिटले. "दुसरी! दुसरीत ते... समर्पण आहे."

"दोन्ही साधीच आहेत. एकाच भांड्यातली." शिंप्याचं तोंड एवढंसं झालं, तशी ती हसून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. मी रोज एकच भिंग दोनदा लावते आणि विचारते. निम्मे लोक सांगतात, दुसरं जास्त स्वच्छ. कोणी दोन गोष्टी पुढे ठेवून विचारलं की फरक असणारच, असं आपण धरून चालतो."

"म्हणजे फरक नाहीच?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"तेही उगाच म्हणायचं नाही. बघू." तिने काचकाकांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. ते बिनदुधाची, बिनसाखरेची पिणारे. पडद्याआड सासूबाईंनी कधी साधी, कधी काळ्या बरणीतली, अशी दहा वेळा सारखीच कढत कॉफी करून पाठवली. काकांनी दहाही वेळा अचूक ओळखली.

"बघा!" गुरूला कंठ फुटला.

"चांगली आहे," काचकाका शांतपणे म्हणाले. "वास जास्त, कडवटपणा कमी. सहापट चांगली असती तर सहापट पैसे देऊन घेतली असती. दीडपट आहे."

आता फक्त आप्पा उरले होते. सूनबाई त्यांच्या कानाशी गेली. "आप्पा, तक्त्याचं नंतर बघू. आपण दोघंच."

"लपवायचंय काय त्यात?" आप्पा मोठ्याने म्हणाले. "लाव दिवा! सगळ्यांसमोर वाचतो!" चष्मा परवापासून खिशातच होता. त्यांनी कॉफी घेतली आणि मागच्या खोलीतल्या स्टुलावर ताठ बसले. सूनबाईने दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं. समोरचा हा माणूस तिला आवडायचा, आणि आता त्याचं हसं होणार होतं. पण सुतार करवत घेऊन दारात उभा होता. तिने बटण दाबलं.

भिंतीवरची पेटी उजळली. आप्पांनी डोळे बारीक केले. "ग, भ, ट, न, र, ल, ख!"

कोणी टाळी वाजवली नाही.

"चुकलं का?" आप्पांनी विचारलं.

"नाही आप्पा. चष्मा लावा."

त्यांनी चष्मा लावला. पेटीवर अक्षरांचा तक्ता नव्हता. कोरा पांढरा कागद होता.

"मी खोटं नाही बोललो गं," आप्पा हळूच म्हणाले. "मला खरंच दिसली होती."

"मला माहितीये," सूनबाई म्हणाली. "म्हणून तर लोकांनी विश्वास ठेवला. खोटं बोलणाऱ्याचं कोणी ऐकलं नसतं. माझा हातसुद्धा थांबला होता की. फसतात सगळेच, आप्पा. एकदा तपासून बघायचं, एवढंच आपल्या हातात असतं."

गुरूने दरम्यान तीन खोकी उचलली होती. चौथं शिंप्याने पैसे परत मिळेपर्यंत धरून ठेवलं. श्रद्धा नसलेल्या ठिकाणी कण रुसतात, असं काहीसं गुरू बोलत होता. पण आता लोकांना त्याचा सूट नुसताच सूट दिसत होता. परत आणलेल्या बरण्या एकेक करून त्याच्यापुढे जमा होऊ लागल्या.

"मालक," दारातून सुताराने विचारलं, "मग भिंत कुठून कापायला घेऊ?"

आप्पांनी त्याच्याकडे आणि त्याच्या हातातल्या करवतीकडे नीट निरखून पाहिलं. सुताराच्या बोटांना तीन ठिकाणी पट्ट्या होत्या. "ती करवत खाली ठेव आणि इथे बस," ते स्टुलावरून उठत म्हणाले. "सूनबाई, याचे डोळे तपास. तक्ता लाव. खरा."

सूनबाईने खिडकीचा पडदा ओढला, तक्ता लावला. दारातली गर्दी माना उंच करून बघू लागली, आणि तेवढ्या डोळ्यांपुढे सुतार अवघडला.

"खालची ओळ वाचा," ती म्हणाली.

सुताराने डोळे चोळले, मान पुढे काढली, गर्दीकडे पाहिलं, पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. "काय सांगू ताई," तो खजील होऊन म्हणाला, "मला काहीच दिसत नाही."

"शाब्बास!" आप्पा म्हणाले आणि गर्दीकडे वळले. "ऐकलंत? दिसत नाही तर दिसत नाही म्हणायचं. मग समोर तक्ता असो नाहीतर कॉफी."