गॅलरीतलं औषध

आमच्या नारायणगुड्याच्या घरात अंड्याला 'औषध' म्हणतात. नाव घ्यायचं नाही हा नियम माझ्या सासऱ्यांचा, आणि तो मुकाट पाळणारी मूर्ख मी. मामंजी, म्हणजे भगवंतराव, कोर्टातून निवृत्त झाले तरी घरात निकाल तेच देतात. माझा नवरा गिरीश त्यांच्यापुढे मान हलवण्यापलीकडे काही करत नाही.

माझी लीला सात वर्षांची. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. तिचा मुका घेतला तर ओठांना मीठ लागतं, आणि पोटात गेलेलं तूपलोणी अंगी लागत नाही. प्रत्येक जेवणाबरोबर पचनाची कॅप्सूल देतो, तरी कोलीन नावाचं एक सत्त्व शौचावाटे निघून जातं. ते कमी पडलं की लिव्हरवर चरबी चढते. दिवाळीच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, रोज एक अंडं द्या, बलकासकट, कोलीन त्यातच असतं. मी घरी येऊन मामंजींना एवढंच सांगितलं, "रोज एक औषध द्यायला सांगितलंय." त्यांच्यासमोर बलक म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "स्वयंपाकघरात नको. गॅलरीत. मी उकडीन."

ज्या माणसाने जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, तो नातीसाठी रोज सकाळी सातला वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात अंडं उकडू लागला. मग पुन्हा आंघोळ करून पूजेला बसायचा. मला भरून यायचं. त्या वेळी लीला सोडून कोणी गॅलरीकडे फिरकायचं नाही. मीही कधी डोकावले नाही.

आठ महिन्यांत दोन गोष्टी वाढल्या, लीलाचं पोट आणि गॅलरीतले कावळे. आधी एक यायचा, मग चार. आता सात वाजायच्या आत कठड्यावर रांग लागते, चांगले गुबगुबीत झालेत मेले. लीलाच्या हातापायांच्या मात्र काड्या. मला त्या कावळ्यांचा राग यायचा, का ते कळत नव्हतं.

काल डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "अम्मा, लिवर पे चर्बी और बढ़ गई. अंडा रोज देरे ना? पीला भी?"

"रोज," मी म्हटलं. आणि म्हणतानाच लक्षात आलं, मी स्वतः काहीच पाहिलेलं नव्हतं.

आज सात वाजता मी गॅलरीच्या दाराशी उभी राहिले. मामंजींनी अंडं सोललं, मधोमध कापलं. पांढरं लीलाच्या ताटलीत ठेवलं, वर मीठ भुरभुरलं. बलक बोटांनी काढला, अर्धा कठड्यावर ठेवला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. कावळ्यांनी भांडण केलं नाही. त्यांना सवय होती.

"मामंजी, हे काय करताय?"

"पिवळ्यात जीव असतो, पल्लवी," ते शांतपणे म्हणाले. "पांढरं म्हणजे नुसतं पाणी, ते पोरीला चालतं. जीव कशाला तिच्या पोटात? लागायचं ते पाप मला लागू दे."

मग मी सगळं सांगितलं. अंडं, बलक, कोलीन, लिव्हर, सगळी नावं घेऊन. आठ महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं ते. बोलताना मला त्यांचा गळा धरावासा वाटला, आणि त्याआधी माझा स्वतःचा.

ते स्टुलावर बसले. उरलेला अर्धा बलक अजून त्यांच्या हातात होता. तो त्यांनी लीलाच्या ओठांशी नेला. "खा बाळा. हेच औषध आहे."

लीलाने तोंड फिरवलं.

"नको आजोबा," ती म्हणाली. "ते कावळ्यांचं आहे."

कठड्यावर आणखी दोन येऊन बसले होते.