रद्दलेखावरची रिकामी जागा

कुलूप लावताना तिने सवयीने म्हटलं, "येते हं." आत कुणी नव्हतं. नवऱ्याला जाऊन चौदा महिने झाले होते. तो पलंगावरून "सावकाश ये" म्हणायचा. तेवढ्यापुरती ती अजूनही दारात थांबायची.

ती शिंप्याच्या दुकानात काजं करायची. दुकानात सगळे तिला काजवाली म्हणत. आज तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती, हेच घर सोडून देण्यासाठी.

दोन खोल्यांचं हे घर दोघांनी भाड्याने घेतलं, तेव्हाच करारात एक कलम घालून घेतलं होतं: तीन वर्षांच्या आत, ठरल्या किमतीला, घर विकत घेण्याचा हक्क भाडेकरूंचा. नवरा गेल्यावर मुदत संपायच्या आत तिने घरमालकाला पत्र दिलं आणि खरेदीचा करार नोंदवून घेतला. एकटीने. तिथेच माशी शिंकली. विधवा बाई, आणि घर तिच्या नावावर? थोरल्या दिरांनी परस्पर घरमालकाला गाठून करार रद्द करायचं ठरवलं. तिला फक्त तारीख कळवली.

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर दीर रद्दलेख मांडीवर घेऊन बसले होते.

"आलीस? बस. फार वेळ नाही लागायचा."

"भाऊजी, मी वाचला नाही अजून."

"वाचायचंय काय त्यात? तुझ्या जावेचे गुडघे गेलेत, स्वयंपाकघर ओस पडलंय. हक्काचं घर असताना एकटी कशाला राहतेस?"

"मागे तुमच्याकडे राहिले तेव्हासारखं स्वयंपाकघरातच झोपायचं ना मी?"

"झोपायला काय महाल लागतो?" दीर हसले.

घरमालक निवृत्त मास्तर. ते चष्मा पुसत राहिले. "मला अडचण नाही हो बाई. पण इमारतीतले लोक म्हणतात, एकटी बाई नको. रोज कुणाकुणाला तोंड देऊ?"

घरातला एकटेपणा तिच्या ओळखीचा होता. या दोघांच्या मध्ये बसून वाटत होतं ते नवीन होतं.

पुकारा झाला. कारकुनाने मान वर न करता मास्तरांना विचारलं, "मजकूर वाचला? राजीखुशीने सही करताय?"

"हो."

तोच प्रश्न तिला विचारून, उत्तराआधीच त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला.

काज कापताना कात्री चुकली तर कापड पुन्हा सांधता येत नाही. म्हणून ती कापण्याआधी नेहमी क्षणभर थांबे. तशी थांबली.

"नाही."

"काय नाही?"

"वाचला नाही. आणि राजीखुशीनेही नाही."

"घाबरलीय ती," दीर पुढे झाले. "घरातला मोठा आहे मी, मी सांगतो ना."

"करारात तुमचं नाव आहे?" कारकुनाने त्यांना विचारलं.

"नाही, पण..."

"मग बाईंच्या होकाराशिवाय हा कागद चालत नाही." तिच्या सहीची जागा रिकामी ठेवूनच त्याने तो परत केला. "पुढचे या."

पायऱ्या उतरताना दीर म्हणाले, "आमचं दार आता बंद समज. उद्या अंथरूण धरलंस तर घोटभर पाणी कोण देईल?"

ते तरातरा निघून गेले. मास्तर रेंगाळले, मग हळूच म्हणाले, "खरेदीखत सोमवारी करू या?"

"सोमवारी," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने कुलूप काढलं. "आले." कुणी ओ दिली नाही. मागे शेजारचं दार किलकिलं झालं आणि तिला पाहून अलगद मिटलं. तशा दाराआड आपणही कधी उभे होतो का, ते ज्याचं त्याने आठवावं.