चार बाय सहाचं ऊन

तळहातावर झेंडूचं बी – अर्धं काळं, अर्धं वाळक्या काडीसारखं – आणि दुसऱ्या मुठीत भेंडीचं, टणक, गोल; पंचशीला कधीची उकिडवी बसून होती. धुण्याच्या दगडापासून भिंतीपर्यंत चार बाय सहा फूट माती, दिवसभर ऊन, आणि त्यात एकच काहीतरी मावणार. बिदरजवळच्या जनवाड्यातल्या या घरात आपल्या मनानं ठरवावी अशी ही एवढीच गोष्ट, आणि तीसुद्धा...

"भेंडीच टाक ग," सासूबाई सकाळी म्हणाल्या होत्या. "बुळबुळीत पोटात गेलं की जीभ सुटती. झेंडू काय पोरीच्या ताटात वाढणार हाईस व्हय?"

बी.एस्सी. झालेल्या बाईनं यावर हसायला हवं होतं. पण पोरगी मेत्ता अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नाही, बिदरचे डॉक्टर 'थांबा' म्हणतात, नवरा, सुगत, 'दोन्ही लाव की' म्हणून कामावर निघून जातो, आणि उद्या ही खरंच बोललीच नाही तर – भेंडी न लावणारी ती मी. मीच. आणि मागच्या महिन्यात शेजारच्या भाग्यलक्ष्मी अक्कांच्या झेंडूकडे हिनं बोट दाखवलं, आयुष्यात पहिल्यांदा, ते मोबाईलवर तारखेसकट लिहून ठेवणारीही मीच. दुसऱ्या कुणी बघितलं नाही, म्हणजे ते झालंच नाही!

बी काढून टाकलेलं झेंडूचं वाळकं फूल शेजारी मातीत बसलेल्या मेत्तानं उचललं.

"हू."

पंचशीला तिच्याकडे वळली. अक्का कानडीत फुलाला 'हू'च म्हणतात, रोज हिच्या हातात देताना... शब्द! कुठल्या का भाषेतला असेना, शब्द –

"लावायलीस का नुस्तीच बसलीस?" आतून सासूबाईंचा आवाज आला. "भेंडीच टाकायलीस न्हवं?"

"हूं," ती म्हणाली. काहीच टाकलं नव्हतं, तरी म्हणाली; मान न वळवता, ओठ न उघडता.

"हूं," मेत्ता म्हणाली. ओठ न उघडता.

तोच सूर. तस्साच, शेवटाला खाली पडणारा. मग मघाचं ते काय होतं – फूल, की मी? सुगतला हूं, सासूबाईंना हूं, डॉक्टरांनासुद्धा... या पोरीनं दिवसभर माझ्या तोंडून दुसरं ऐकलं तरी काय?

"आत्याबाई," तिनं सासूबाईंना हाक मारली. आवाज नको तेवढा मोठा निघाला. आतली भांडी थांबली. पुढचं वाक्य मात्र सापडेना... आणि मेत्ता मान वर करून, फूल विसरून, तिच्या उघड्या तोंडाकडे बघत होती.