माणसांच्या थडग्यात मला मिळालेली जागा

मित्रांनो, मी एक जुना लेमूर आहे, माकडांचा दूरचा भाऊबंद. म्हणजे माझं दंडाचं एक हाड तेवढं उरलं आहे. पण तेवढ्यावरून गप्प बसावं असं मला वाटत नाही. जिवंत होतो तेव्हा चांगला माणसाएवढा होतो. मादागास्करच्या जंगलात फांदीला उलटा लटकून पानं खायचो. घाई कसलीच नव्हती. मुलंबाळंही आम्ही अगदी सवडीने होऊ द्यायचो. तेच नडलं. माणसं आली, सुऱ्या आल्या, आगी आल्या. जितके गेले तितके पुन्हा जन्माला येईनात. मग मी हजार वर्षं चिखलात पडून होतो. चिखलाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने मला जपलं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी राव्हाओ नावाची बाई भाताचं खाचर खणत होती. तिचं फावडं माझ्यावर आपटलं. "अगं बाई, कुणातरी पूर्वजाला लागलं!" म्हणत तिने माझी माफी मागितली. एवढा जाड दंड म्हणजे हा बैलाशी झोंबणारा गडीच असणार, असं घरच्यांनी ठरवलं. मला रेशमात गुंडाळून त्यांच्या थडग्यात ठेवलं आणि 'दादाबे', म्हणजे आजोबा, म्हणू लागले.

दर सात वर्षांनी हे थडगं उघडतं. पूर्वजांना खांद्यावर घेऊन नाचवतात, नवं रेशीम गुंडाळतात, घरच्या बातम्या सांगतात, थोडी रम पाजतात. जिवंतपणी माझे इतके लाड कधी झाले नव्हते.

यंदा राव्हाओचा मुलगा रामारो आम्हा पूर्वजांकडे एक परवानगी मागणार होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला डोंगरावरचं जंगल जाळून तिथे भात पेरायचा होता. आमच्या भावकीतले उरलेसुरले छोटे लेमूर त्याच जंगलात राहतात. तो तोंड उघडणार, तेवढ्यात माझं रेशीम बदलणारी त्याची मुलगी हासिना थबकली. ती राजधानीत जुन्या हाडांचा अभ्यास करते.

"आजी, हा माणूस नाही गं. लेमूर आहे. नामशेष झालेला, मोठा."

वाजंत्री थांबली.

"माझ्या लग्नात मी याचा आशीर्वाद घेतलाय!" रामारो ओरडला.

"तरीच!" त्याची बायको म्हणाली.

"आणि ही चीर सुरीची आहे," हासिना म्हणाली. "याला माणसांनी कापून खाल्लंय."

राव्हाओआजीने विचार केला. "म्हणजे आधी खाल्ला आणि मग पुरला?"

"मधे हजार वर्षं गेली, आजी."

"उशिरा का होईना, पुरला ना!"

"बाहेर काढा त्याला," रामारो म्हणाला. "जनावराला रम पाजत होतो आपण!"

"अठ्ठावीस वर्षं मागितलं ते याने दिलं," आजी कडाडली. "पाऊस दिला, ही हासिना दिली. तेव्हा विचारलंस का रे, बाबा तू कोण? दादाबे इथेच राहणार."

"डोंगरावरचेही याच्यासारखेच, आजी," हासिना हळूच म्हणाली. "पोरं सावकाश होतात. जंगल गेलं की संपले."

आजी मुलाकडे वळली. "हं, माग आता परवानगी. म्हण, दादाबे, तुमच्या नातवंडांचं घर जाळतो. मोठ्याने म्हण, सगळ्यांना ऐकू दे."

रामारो माझ्यासमोर उभा राहिला. सगळं गाव बघत होतं. शेवटी तो म्हणाला, "दादाबे, यंदा खालच्या खाचरात जरा जास्त भात होऊ द्या."

मी काही बोललो नाही. आम्हा पूर्वजांची तीच रीत आहे. मला पुन्हा नव्या रेशमात गुंडाळलं, आणि नंतर रामारोनेच खांद्यावर घेऊन नाचवलं. जरा आखडत नाचला, पण नाचला.

मित्रांनो, मला खाणाऱ्यांचा राग केव्हाच गेला. मला जपणाऱ्यांचे उपकार मात्र फिटणार नाहीत. एकच विनंती आहे. माझी ओळख पटायला मला हाड व्हावं लागलं. जे अजून फांद्यांवर लटकून पानं खात आहेत, त्यांना तुम्ही जिवंतपणीच नातेवाईक म्हणा. त्यांना रेशीम नको, रमही नको. झाड तेवढं राहू द्या.